एकोणिसावे पद

पार्श्वनाथ रायगोंडा नेजकर. जन्म निपाणी, मार्च १९५१. मृत्यू निपाणी, रविवार, ३ मार्च २०२४. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५१ अशी आहे. परंतु त्या काळी आमच्या शाळेतील निम्म्या मुलांचा जन्म हेडमास्तरांच्या लेखणीतून एक जूनलाच होत असे, म्हणून ती मी ग्राह्य धरलेली नाही. होळीच्या आसपासचा जन्म, असे त्याची थोरली बहीण चंपाबाई यांनी मला सांगितले होते आणि त्यांच्या सांगण्यात चूक सापडल्याचे मला आठवत नाही.

चौथीपासून अकरावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी शिक्षक झालो, बेळगावात बदली होऊन खासबागेत स्थायिक झालो. तो निपाणीतच राहिला. एका बाकावरच्या त्या सोबतीमुळे त्याचा उल्लेख मी एकवचनात करीत आहे. तो मला अखेरपर्यंत 'मास्तर' म्हणत असे, त्यात आदर किती आणि थट्टा किती याचा निवाडा मी कधी केला नाही.

पार्श्वनाथचा व्यवसाय ध्वनिक्षेपकाचा. लोक त्याला 'स्पीकरवाले आप्पा' म्हणत. १९७२ साली त्याने एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र एवढ्यावर 'नेजकर साऊंड' सुरू केले. निपाणी आणि चिकोडी यांच्या दरम्यान असे एकही गाव नसेल की जिथल्या लग्नात, पूजेत किंवा शाळेच्या संमेलनात त्याचा भोंगा बांबूवर चढला नाही. रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी आल्या. कॅसेटी गेल्या, मेमरी कार्ड आले. प्रत्येक वेळी त्याने जुने यंत्र पुसून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले आणि नवे शिकून घेतले.

या सर्व वर्षांत त्याने एक वही ठेवली होती. वरती ठसठशीत अक्षरात 'बिघाडवही' असे लिहिलेले. आत पाच रकाने: तारीख, यंत्र, बिघाड, कारण, उपाय. 'भोंगा क्र. २, चिरका आवाज, आत गांधीलमाशीचे घर, काढून टाकले' अशा त्यातल्या नोंदी. एकदा झालेला बिघाड दुसऱ्यांदा झाला तर वही उघडायची, डोके खाजवायचे नाही, असा त्याचा नियम होता. बावन्न वर्षांत अशा चार वह्या भरल्या. चौथ्या वहीत एक रकाना रिकामा आहे. त्या रकान्यामुळेच हे टिपण लिहावे लागले.

त्याआधी चंपाबाईंविषयी सांगणे आवश्यक आहे. पार्श्वनाथ चार वर्षांचा असताना आई वारली. चंपाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. त्यांनी भावाला न्हाऊमाखू घातले, शाळेत पोहोचवले, आणि लग्न होऊन निपाणीजवळच अक्कोळला गेल्या तेव्हा त्यालाही काही वर्षे सोबत नेले. सारा गोतावळा त्यांना आक्का म्हणे, आणि मीही. त्यांचा कान विलक्षण होता. अंगणातून गेलेली बैलगाडी कुणाची, हे त्या आसाच्या आवाजावरून सांगत. अक्कोळच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा असली की पार्श्वनाथ भोंगे बांधून झाल्यावर आक्कांना गावाच्या दुसऱ्या टोकाला उभे करी आणि मग धावत जाऊन विचारी.

"कसं हाय आक्का?"

"डावीकडचा नाकात बोलतोय."

तो परत जाई, उघडून पाही, आणि डावीकडच्या भोंग्याचा पडदा खरोखरच सैल झालेला असे. "माझं मीटर अक्कोळला ठेवलंय," असे तो गिऱ्हाइकांना सांगे.

साठी उलटल्यावर काचबिंदूने आक्कांची दृष्टी हळूहळू गेली. संधिवाताने बोटे वाकडी झाली, जपमाळेचे मणी ओढता येईनात. तेव्हा पार्श्वनाथने त्यांना एक माळ करून दिली, ती गाण्यांची.

ही हकीकत २०१९ नंतरची. तोपर्यंत भोंग्यांचा काळ संपला होता. लग्नात भिंतीएवढे खोके आणणाऱ्यांपुढे पार्श्वनाथचा टिकाव लागेना. तो दुकानात बसून लोकांचे फोन दुरुस्त करू लागला, आणि पाहता पाहता गाण्यांच्या ॲपचा वैद्य म्हणून प्रसिद्ध झाला. त्या दुकानातील एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. भरमू नावाचा एक ट्रॅक्टरचालक फोन घेऊन तणतणत आला होता.

"आप्पा, हे ॲप चोर हाय. घरात समदी गाणी दिसत्यात, उसाच्या फडात गेलं की एक वाजत न्हाय. नुसतं गोल गोल फिरतंय."

"फिरू दे की. दमलं की बसंल."

"मस्करी नको आप्पा. मी समदी भरून घेतल्यात."

पार्श्वनाथने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोन पाहिला. "भरमू, तू भरलंयस काय? नुसतं बदाम दाबलायस."

"दाबलं की लाल हुतंय. मला वाटलं आलं."

"बदाम म्हंजे गाणं आवडलं. आवडलं म्हणून घरात येतंय व्हय? तुला शेजारची म्हैस आवडली, ती आली का तुझ्या दावणीला?" दुकानातील सर्व हसले. "ह्यो खाली बाण हाय बघ, त्यो दाब. हिरवा झाला की गाणं फोनच्या पोटात. मग नेटवर्क असू दे न्हायतर नसू दे."

पुढे तो त्यालाच समजावीत राहिला: फोनमध्ये जागा आहे का ते आधी पाहा, गाणी मेमरी कार्डावर उतरवली असतील तर कार्ड काढू नकोस, बॅटरी वाचविण्याची सोय चालू असेल तर ॲप मध्येच झोपते, ती बंद कर, आणि काहीही झाले तरी घाबरून ॲप काढून पुन्हा घालू नकोस, उतरवलेले सगळे पुसले जाईल. सारे क्रमवार आणि मुद्देसूद. या बाबतीत त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती, आणि ती माहीत होण्याचे कारणही पडले नव्हते. भरमू दिवसभर नेटवर्कबाहेर असे, पण संध्याकाळी घरी येई. सलग महिनाभर कोणत्याही जोडणीवाचून राहिलेला फोन पार्श्वनाथच्या हातात कधी आलाच नव्हता.

आक्कांच्या फोनमध्ये त्याने सत्तावीस पदे उतरवून दिली होती. महिलांच्या एका भजनी मंडळाने गायिलेली ही पदे फक्त त्या ॲपवरच मिळत. एक पद म्हणजे एक मणी, सत्तावीस पदांची एक माळ. सकाळी स्नान झाल्यावर आक्का परसदारच्या सोप्यात, म्हणजे मागच्या खोलीत, चटईवर बसत, सून अनुराधा फोन लावून देई, आणि पुढचे पावणेदोन तास आक्कांचे उजवे बोट गुडघ्यावर ताल धरून असे. माळ पूर्ण झाल्याखेरीज त्या पाणीही घेत नसत. जेवण दिवसातून एकदाच.

२०२२ च्या चातुर्मासास अक्कोळला एक मुनिमहाराज होते. प्रत्येकाने चार महिन्यांसाठी एक तरी वस्तू सोडावी, असे त्यांनी प्रवचनात सांगितले. कुणी बटाटा सोडला, कुणी दूरदर्शन सोडले. आक्कांपुढे अडचण अशी की सोडण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरलेच नव्हते. शेवटी त्यांनी फोनची जोडणी सोडायचे ठरविले. कुणाचा फोन घ्यायचा नाही, करायचा नाही, निरोप ऐकायचा नाही. आषाढाच्या चतुर्दशीपासून दिवाळीच्या निर्वाणोत्सवापर्यंत त्या फोनला बाहेरचे वारे लागू द्यायचे नाही. 'वारं' हा त्यांचाच शब्द. गावची वेस ओलांडायची नाही, हा नियम तर त्या दरवर्षीच घेत.

नियम घेण्यापूर्वी त्यांनी भावाला बोलावून घेतले. तो दिवस मंगळवार, १२ जुलै. काय बोलणे झाले ते पार्श्वनाथने मला शब्दशः सांगितले आहे.

"पार्श्वा, गाणी फोनच्या पोटात हायत का वाऱ्यावरनं येत्यात?"

"पोटात हायत आक्का. मी सोता उतरवल्यात."

"बघून सांग. मी महाराजांच्या म्होरं हात जोडणार हाय."

"आक्का, रेकॉर्ड घरात आणली की ती घरातच असती न्हवं? तसंच. विमानाचं चित्र दाबून ठेवतो, वारं बंद. गाणी जाणार न्हाईत."

त्याच्या या शब्दावर त्यांनी नियम घेतला. पार्श्वनाथला दोष देण्यापूर्वी त्याचा पन्नास वर्षांचा अनुभव ध्यानात घ्यायला हवा. त्याने हाताळलेली प्रत्येक रेकॉर्ड, प्रत्येक कॅसेट, एकदा घरात आली की झिजेपर्यंत मालकाची असे. उतरवून घेतलेले गाणे हे केवळ मुदतीवर दिलेले असते, आणि तीस दिवसांत फोन एकदाही इंटरनेटला जोडला नाही तर ॲप ते गाणे मुके करून टाकते, ही कल्पना त्याच्या व्यवसायात बसणारी नव्हती.

तीस दिवस पूर्ण झाले ते गुरुवारी, ११ ऑगस्टला. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. पार्श्वनाथ राखीसाठी अक्कोळला गेला तेव्हा अकरा वाजून गेले होते. ताटात राखी तयार होती. आक्का चटईवर बसलेल्या, ओठ सुकलेले.

"मामा, फोन बोलंना झालाय," अनुराधा म्हणाली. "सकाळी सातपासनं बघतोय. आत्याबाईंनी पाण्याचा घोट घेतलेला न्हाय."

"आधी फोन बघ," आक्का म्हणाल्या. "राखी मग बांधते. राखीला काय पाय फुटत न्हाईत."

पार्श्वनाथने त्याच्या पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. आवाजाची कळ पाहिली, फोन बंद करून चालू केला, जागा तपासली, बॅटरीची सोय तपासली. सत्तावीसही नावे जागेवर होती, परंतु सर्व करडी पडलेली. बोट लावले तरी हलत नव्हती. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. ती त्याने सर्वांत शेवटी वाचली. तीस दिवसांत जोडणी न झाल्याने गाणी बंद करण्यात आली आहेत, पुन्हा ऐकण्यासाठी इंटरनेटला जोडा, असा तिचा आशय होता.

"काय झालंय रं?" आक्कांनी विचारले.

खरे सांगण्याची वेळ ती होती, हे त्यानेच मला सांगितले. ती ओळ वाचून दाखविली असती तर आक्का 'ऱ्हाऊ दे' एवढेच म्हणाल्या असत्या आणि दिवाळीपर्यंतचे अडीच महिने डोळ्यांपुढच्या अंधारात गाण्यावाचून बसल्या असत्या. तेही त्याच्या शब्दावर विसंबून. ते त्याला सोसवले नाही.

"स्पीकरात कचरा गेलाय," तो म्हणाला. "साफ करून आणतो."

तो मोटारसायकलीवरून वेशीबाहेर, निपाणी रस्त्याच्या फाट्यावरील बसथांब्यात जाऊन बसला. निदान गावाच्या हद्दीत तरी त्या फोनला वारे लागू नये, एवढी काळजी त्याने घेतली. विमानाचे चित्र पुसताच महिनाभर तुंबलेले निरोप धडाधड आले; आमच्या सीमाभागातील रिवाजाप्रमाणे महाराष्ट्रात स्वागत असल्याचाही एक आला, फोन मात्र कर्नाटकातच होता. दुसऱ्याचे पत्र वाचू नये म्हणून त्याने पडद्यावर तळहात धरला. पदे एकेक करून पुन्हा जिवंत झाली, पण सव्वीसच. एकोणिसावे पद मंडळाने की कंपनीने, कोण जाणे, ॲपवरून काढून घेतले होते. शोधता शोधता त्याच मंडळाचे, त्याच पदाचे दुसरे ध्वनिमुद्रण त्याला सापडले. एका जाहीर कार्यक्रमातील, किंचित जलद, आणि टाळ थोडे पुढे आलेले. त्याने ते उतरवून एकोणिसाव्या जागी ठेवले, पुन्हा विमानाचे चित्र दाबले आणि तो परतला.

"वारं लागलं न्हाय न्हवं?" आक्कांनी विचारले.

"न्हाय आक्का."

मग त्यांनी त्याचा हात चाचपून राखी बांधली आणि माळ सुरू झाली. पार्श्वनाथ समोर बसून राहिला. अठरा पदे नीट पार पडली. एकोणिसावे लागले आणि आक्कांचे बोट गुडघ्यापासून वीतभर वर थांबले. मोजून पाच-सहा सेकंद ते तसेच होते. मग ते खाली आले आणि पुन्हा ताल धरू लागले. सत्तावीस पदे संपल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पार्श्वा, जेवून जा. उशीर करू नको."

याहून अधिक त्या त्या दिवशी काही बोलल्या नाहीत आणि नंतरही नाहीत.

एकदा केलेली गोष्ट एकदाच करून भागणार नव्हती. तीस दिवसांची मुदत पुन्हा सुरू झाली होती. म्हणून ८ सप्टेंबरला आणि नंतर ६ ऑक्टोबरला तो अक्कोळला गेला, 'स्पीकर साफ करतो' म्हणून फोन फाट्यावर घेऊन गेला आणि मुदत वाढवून आणली. पदे दुसऱ्या यंत्रावर मुद्रित करून ते यंत्र देण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. परंतु यंत्र का बदलले, हा प्रश्न आला असता. दर वेळी तो आक्कांच्या नकळत फोनमध्ये मागची यादी पाही. काय काय वाजले याची नोंद ॲप ठेवते. पदे रोज वाजलेली असत, सत्तावीसच्या सत्तावीस, क्रमाने. तेवढाच त्याला धीर.

दिवाळीला नियम पूर्ण झाला. जानेवारी २०२३ मध्ये, माघातल्या थंडीत, आक्का चार दिवसांच्या तापाने गेल्या.

त्यानंतर पार्श्वनाथ बदलला. माझी निपाणीस दर दोन महिन्यांनी फेरी असे. दुकानात पूर्वी दिवसभर काहीतरी वाजत असायचे. आता तेथे फक्त पंख्याचा आवाज येई. गाण्याचे ॲप घेऊन आलेल्या माणसाला तो 'मला त्यातलं कळत न्हाय' म्हणून परत पाठवू लागला. भरमूनेही त्याला एकदा छेडले, "आप्पा, माळ घातली का गाण्याची?" तेव्हा तो हसला नाही. बहिणीच्या जाण्याचे दुःख असावे, असे मी धरून चाललो.

डिसेंबर २०२३ मध्ये त्याने मला आत बोलावले, दुकानाचे दार ओढून घेतले आणि वर लिहिलेली हकीकत सांगितली. शेवटी त्याने चौथी बिघाडवही माझ्यासमोर उघडली. ११ ऑगस्ट २०२२. आक्काचा फोन. गाणी बंद. कारण, तीस दिवस. उपायाचा रकाना मोकळा.

"मास्तर, मी खोटं बोललो ते माझ्या माथ्यावर. त्याचं मला काय वाटत न्हाय. पण तिला कळलं हुतं का? बोट थांबलं हुतं. कळून ती ऐकत ऱ्हायली असंल, तर नियम तिचा मोडला. अंधळ्या बाईचा नियम मी मोडायला लावला, त्योबी चातुर्मासातला. न्हाय कळलं असंल तर वाचली."

"अनुराधेला विचारलेस?"

"माझ्या तोंडानं विचारवत न्हाय. विचारलं तर खोटं उघडं पडतंय, आन् उत्तर काय येतंय त्याचं भ्या वाटतंय. तू विचार. तू शिकलेला हायस, बस्तीतल्या उपाध्यांनाबी नीट लिहून विचार. काय येईल ते मला वाचून दाखव."

मी मान्य केले. उपाध्ये, म्हणजे बस्तीतील पूजा व शास्त्र सांभाळणारे वृद्ध गृहस्थ, माझ्या परिचयाचे. सर्व वृत्तान्त नावे गाळून मी त्यांना पत्राने कळविला. ९ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे उत्तर आले. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास मनाने संमती देणे, या तिन्हींपैकी काहीही घडले नसेल तर नियम घेणाऱ्याचा नियम अभंग राहतो, दोष केवळ करणाऱ्याला लागतो. मात्र त्या बाईंनी जाणून श्रवण केले काय, याची घरी चौकशी करून मला कळवावे, असे त्यांनी लिहिले होते.

चौकशी तेवढी राहिली होती. २२ जानेवारीस माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी महिनाभर प्रवास वर्ज्य केला. अनुराधेचा फोन क्रमांक माझ्या रोजनिशीत लिहिलेला होता. परंतु असा प्रश्न फोनवर विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. पार्श्वनाथने दोनदा फोन करून, "मास्तर, काय झालं?" असे विचारले. दोन्ही वेळा मी त्याला समक्ष भेटीत सांगेन असे म्हटले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "तुझा डोळा बरा हू दे. मला घाई न्हाय." ३ मार्चला सकाळी दुकान उघडतानाच त्याच्या छातीत कळ आली. रुग्णालयापर्यंत तो पोहोचला नाही.

१७ मार्चला मी अक्कोळला गेलो. अनुराधेने चहा ठेवला. मी सर्व सांगितले.

"सर, आत्याबाईंना त्याच दिवशी कळलं हुतं," ती म्हणाली. "मामा जेवून गेले आन् आत्याबाई मला म्हणाल्या, एकोणिसावं त्ये न्हवं. ह्ये बाहेरनं आलंय."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून बस्तीत घेऊन गेल्या. महाराजांना सांगितलं, माझ्या फोनला वारं लागलं, मला उशिरा कळलं. महाराजांनी विचारलं, चूक कुणाची? आत्याबाई म्हणाल्या, यंत्राची. एक उपास घेतला आन् नियम परत नव्यानं धरला."

"पण त्यानंतर गाणी रोज वाजत होती. पार्श्वनाथने यादी पाहिली होती."

"वाजत हुती," अनुराधा म्हणाली. "मी लावायची. आत्याबाई म्हणाल्या, मी ऐकलं तर नियम गेला, बंद कर म्हटलं तर पार्श्वा गेला. तू सोप्यात लावून ठिव, दार ओढ, मी मागं परड्याच्या टोकाला बसते. त्यो फोन उघडून बघतोय, त्याला वाजलेलं दिसू दे. दिवाळीपातूर गाणी मोकळ्या सोप्यात वाजत हुती, सर. त्या परड्यात दगडावर बसून मनातल्या मनात सत्तावीस म्हणायच्या. समदी पाठ हुती त्यांना. ओठ हलायचे नुसते. एकोणिसावं तेवढं मोठ्यानं म्हणायच्या, जुन्या चालीत."

"पार्श्वनाथ आला म्हणजे?"

"तवा म्हणायच्या, माळ झाली माझी, आत्ता काय लावू नको. ते बी खरंच हुतं."

मी विचारले, हे त्याला का सांगितले नाही?

"मला शपथ घातलीती. म्हणाल्या, पार्श्वा ल्हान हुता तवापासनं मी त्याचं एकबी खोटं त्याच्या तोंडावर उघडं पाडलं न्हाय, आता म्हातारपणी कुठं पाडू?" तिने डोळे पुसले. "पण मामांनी एकदा जरी विचारलं असतं, तर शपथ मोडून सांगितलं असतं मी. त्यांनी इचारलंच न्हाय. आक्काचा फोन हाय का अजून, एवढंच इचारायचे."

फोन कपाटात होता. तिने तो लावून दाखविला. विमानाचे चित्र दिवाळीनंतरही कुणी पुसले नव्हते, ते अजून तसेच होते. सत्तावीस नावे एकाखाली एक, सर्व करडी. तिने तो पुन्हा बंद करून ठेवला.

अनुराधेचे म्हणणे मी उपाध्यांना लिहून कळविले. ३१ मार्चला त्यांचे दुसरे पत्र आले. नियम शेवटपर्यंत निर्दोष पाळला गेला, याबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही, एवढेच त्यात आहे. सही आणि तिथी व्यवस्थित आहे.

पार्श्वनाथची मुलगी सौम्या धारवाडला असते. तिने दुकान रिकामे केले. भोंगे आणि पहिला ॲम्प्लिफायर अक्कोळच्या बस्तीस दिले. चारही बिघाडवह्या तिने माझ्याकडे सोपविल्या. चौथीतील त्या ओळीपुढचा रकाना मी भरलेला नाही. वही त्याची आहे आणि अक्षर माझे पडेल. उपाध्यांची दोन्ही पत्रे त्या पानात घालून ठेवली आहेत. जे उत्तर येईल ते त्याला वाचून दाखवीन असे मी डिसेंबरात कबूल केले होते. ते वाचून दाखविणे माझ्याकडून राहिले आहे.